पाटनच्या बसला डोळे बसवताना

जबलपूरला निघाले आहे म्हटलं की पुण्यात जो तो विचारायचा, "भेडाघाट बघायला का?" मी म्हणायचे, "नाही, पाटनच्या बससाठी." तिथे संभाषण संपायचं. समोरचा माणूस माझ्याकडे अशा नजरेनं बघायचा, की जणू आग्र्याला जाऊन मी रेल्वे फाटक बघून येणार आहे.

पाटन हे जबलपूरजवळचं तहसिलीचं गाव. बाजारपेठ धान्याची आणि हिवाळ्यात मटारची. जबलपूर ते पाटन बस दिवसभर धावतात, आणि त्यातल्या एका बसवर आम्ही कॅमेरा बसवून बघणार होतो.

माझं काम कॅमेऱ्यांना बघायला शिकवण्याचं. खांबावरच्या कॅमेऱ्याला शिकवणं सोपं असतं. त्याच्यासमोरचं जग जागच्या जागी असतं; त्यात जे सरकलं ते हललं. गाडीवरच्या कॅमेऱ्याची गत निराळी. गाडी निघाली की त्याला झाडं पळताना दिसतात, भिंती पळताना दिसतात, रस्ता तर पोटाखालून सटकतच असतो. या सगळ्या पळापळीत स्वतःच्या पायांनी खरोखर पळणारं कोण, म्हैस, सायकलवाला की रस्ता ओलांडणारी बाई, हे ओळखायचं. त्यासाठी आमचा प्रोग्रॅम आधी गाडी स्वतः कशी आणि किती सरकली याचा अंदाज घेतो, तेवढं सरकणं चित्रातून वजा करतो, आणि तरीही जे हलत उरतं त्याच्याभोवती लाल चौकट काढतो. ते आपल्या वाटेत येतंय असं वाटलं, तर बझर वाजवतो. ब्रेक लावायचं काम मात्र ड्रायव्हरचंच.

पुण्याच्या रस्त्यांवर हे उत्तम चाललं होतं. पुण्यातल्या दुचाकीवाल्यांना ओळखणारं यंत्र जगात कुठेही चालेल, असं मला वाटत होतं, आणि मी तसं बोलूनही दाखवत होते.

सदर

माझ्यासोबत अन्वर होता. सोलापूरचा, आमच्या कंपनीतला माझा जोडीदार. तारा, स्क्रू आणि माणसं या तिन्ही गोष्टी त्याला माझ्यापेक्षा चांगल्या हाताळता येतात. तो सदरमधल्या एका लॉजवर उतरला. सदर म्हणजे जबलपूरच्या छावणीचा बाजार: रुंद रस्ते, जुनी झाडं, फौजी कुटुंबांची खरेदी आणि सकाळपासून तळणीचा वास. मला मात्र लॉजवर राहायची परवानगी नव्हती. पुण्यातल्या आमच्या शेजारच्या वानखेडेबाईंचे दीर आणि जाऊ जबलपूरला असतात, आणि "घर असताना हॉटेलात राहिलीस तर तोंड दाखवू नकोस" असा त्यांचा निरोप मी निघायच्या आधीच आला होता.

वानखेडेकाकांचे वडील अमरावतीकडून नोकरीसाठी जबलपूरला आले, तेव्हा विदर्भ आणि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यांची फेररचना झाली, विदर्भ महाराष्ट्रात गेला आणि हे कुटुंब इकडेच राहिलं. काका स्वतः फौजेचे ट्रक बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात होते. तयार झालेला ट्रक आधी चालवून बघायचा, हे त्यांचं काम. आता सत्तरी उलटलेली, पण खुर्चीत बसले तरी हात स्टिअरिंगवर असल्यासारखे गुडघ्यांवर ठेवून बसतात.

सुमनकाकूंनी दारातच माझं निरीक्षण केलं. "अगं, इतकी वाळली काहून? पुण्यात जेवून राहिली का नाही?"

मी हसले. "जेवते की, काकू."

"मग दिसून काहून नाही राहिलं? चलो, आधी हातपाय धू."

त्या घरातली मराठी ऐकायला मला फार आवडायची. वाक्य अमरावतीला सुरू व्हायचं आणि जबलपूरला संपायचं. पहिल्याच संध्याकाळी काकूंनी काकांना "येताना सांबार आणा" म्हणून पिटाळलं, तेव्हा आज इडली आहे असं मी धरून चालले. काका कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. तिची वडी झाली, खसखस आणि खोबऱ्याचं सारण भरलेली, आणि ती खाताना इडलीची आठवण कोणाला होणार?

सकाळी आम्हाला नेणारे ड्रायव्हर म्हणजे पटेलभैया. पन्नाशीचे, गळ्यात चौकड्यांचा गमछा, बोलणं थोडं. रस्त्यापलीकडून त्यांना कोणीतरी हाक मारली, "काय बड्डे!" आणि मी मराठी ऐकू आलं म्हणून गर्रकन वळले. तिथे मराठी कोणीच नव्हतं. जबलपूरच्या हिंदीतही "काय" म्हणतात, आणि "बड्डे" म्हणजे आपला दादा, भाऊ, दोस्त, जे हवं ते. पुण्यात ओळख नसलेल्या माणसाला आपण "अहो" म्हणतो आणि तिथेच थांबतो. इथे ओळख नसली तरी नातं आधी लावून टाकतात, ओळख मागाहून होते.

पोहे आणि जिलेबी एकाच ताटलीत खाऊन, आणि वर खव्याची काळसर जिलेबी वेगळी मागवून, आम्ही कामाला लागलो.

पाटनचा रस्ता

बस निळी होती. कपाळावर "माँ नर्मदे" लिहिलेलं, आणि समोरच्या काचेला आतून सोनेरी झालर लावलेली. कॅमेरा त्या झालरीच्या खाली बसवावा लागला, कारण झालर काढायला पटेलभैया तयार नव्हते. "लड़की ने लगाई है," एवढंच म्हणाले.

बस रिकामी होती. आमच्या चाचणीसाठी मालकांनी ती दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात दिली होती. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना मटारची शेतं सुरू झाली. बायका ओळीनं बसून शेंगा तोडत होत्या, बांधावर हिरव्यागार शेंगांनी फुगलेली पोती उभी होती, आणि पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर मंडीकडे चालले होते. दृश्य इतकं सुंदर, की मी यंत्र विसरून खिडकीतून बघत राहिले असते. पण यंत्र मला विसरू देईना. ते ओरडतच होतं.

झालर हलली की बझर. शेतातलं प्लॅस्टिक फडफडलं की बझर. बसची स्वतःची सावली रस्त्याच्या कडेनं पळायला लागली, तिच्यावरही बझर. थोड्या वेळानं पटेलभैयांनी गळ्यातला गमछा काढला, त्याची घडी घातली आणि शांतपणे बझरवर ठेवून दिली. अन्वर हसू दाबत खिडकीकडे वळला.

मला याचं काही वाटलं नाही. नव्या जागी यंत्र असं भांबावतंच. त्याला आवरायचं कसं ते ठाऊक असतं. झालर अन्वरनं दोऱ्यानं बांधून टाकली. सावलीचं मी तिथेच लॅपटॉपवर मिटवलं. पाटनला चहा झाला, आणि परतताना गमछा पुन्हा पटेलभैयांच्या गळ्यात गेला. आता बझर हवा तिथेच वाजत होता: समोर आलेल्या म्हशीला, वळणाऱ्या ऑटोला, सायकलवरच्या शाळकरी मुलींना. मी पुण्याला फोन करून "झालं" असं सांगायच्या बेतात होते.

तेवढ्यात डावीकडच्या कच्च्या वाटेनं एक मोटारसायकल मुख्य रस्त्याकडे येताना दिसली. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे डबे. मला ती दिसत होती. पडद्यावरही दिसत होती, काचेच्या डाव्या खांबाच्या अगदी शेजारी. पण तिच्याभोवती चौकट नव्हती. मी वाट बघितली. आता येईल चौकट, आता येईल. मोटारसायकल पडद्यावर जागची हलली नाही, नुसती मोठी होत गेली.

पटेलभैयांनी ब्रेक दाबला. मी समोरच्या दांड्यावर आदळले, अन्वरचा लॅपटॉप मांडीवरून उडाला. दूधवाला आमच्या तोंडासमोरून वेडावाकडा निसटला आणि पलीकडच्या कडेला थांबला. एका डब्याचं झाकण उडून दूध रस्त्यावर पसरलं होतं. त्यानं आम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. त्या ऐकून मला बरं वाटलं. शिव्या देणारा माणूस धड असतो.

तो गेल्यावर पटेलभैयांनी बस कडेला घेतली. मग म्हणाले, "मॅडमजी, आपकी मशीन झालर पे चिल्लाती है, आदमी पे चुप रहती है."

बझर त्या वेळी उघडा होता, गमछा त्यांच्या गळ्यात होता. त्यांच्या म्हणण्यात काहीच खोट नव्हती.

मालकांचं ऑफिस

संध्याकाळी सुमनकाकूंच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. काय घडलं ते पहिल्या खेपेलाच लक्षात आलं. दोन वाहनं एकाच जागी, एकाच वेळी पोचणार असतील, दोघांचा वेग आणि दिशा तशीच राहिली, तर एकाला दुसरं नेहमी त्याच कोनात दिसतं. ते चित्रात डावीकडे सरकत नाही, उजवीकडे सरकत नाही. म्हणजे ज्याची आपल्याशी टक्कर होणार असते, नेमकं तेच जागचं हलत नाही. आमचा प्रोग्रॅम सरकणं शोधत होता. न सरकणारी मोटारसायकल त्याला दूरवरच्या टेकडीसारखी वाटली, आणि टेकडीला घाबरायचं काय?

हे पुस्तकी ज्ञान मला होतं. पुण्याच्या गर्दीत कोणीच धड एका वेगानं चालत नाही, म्हणून ते कधी आडवं आलं नव्हतं. उपायही समोर दिसत होता. टेकडी मोठी होत नाही, मोटारसायकल होते. तेव्हा सरकण्यासोबत वाढणंही बघायचं. मला ते जमेल याची खात्री होती. पण ते इथे, याच खडबडीत रस्त्यावर करून बघायला हवं होतं, आणि मालकांना यंत्र दाखवायचं होतं दुसऱ्याच दिवशी.

घडलेलं कळवल्यावर पुण्याहून वरिष्ठांचा फोन आला. "सदरच्या रुंद रस्त्यावर दाखवून टाका. तिथे व्यवस्थित चालेल. बाकीचं नंतर दुरुस्त करू."

"नाही," मी म्हटलं. "ही बस सदरमध्ये नाही, पाटनच्या रस्त्यावर धावते."

ते बरंच बोलले. मी ऐकून घेतलं, आणि सकाळी अन्वरला घेऊन मालकांकडे गेले.

मालक म्हणजे जैनसाहेब. बस स्टँडजवळ त्यांचं छोटं ऑफिस, भिंतीवर देवाची तसबीर आणि टेबलावर मोड आलेल्या मुगाची वाटी. मी दूधवाल्याची हकिगत सांगितली, काही न लपवता. दाखवायचा कार्यक्रम पुढे ढकला म्हटलं. त्यांनी मूग बाजूला सरकवले.

"मॅडम, मेरी एक गाड़ी के नीचे एक बहनजी आ गई थीं," ते म्हणाले. "साइड से आईं, ड्रायवर ने देखा ही नहीं. जान बच गई, पैर नहीं बचा. मैं आज भी दिवाली पर उनके घर जाता हूँ. वो चाय पिलाती हैं. वो चाय मुझसे पी नहीं जाती."

त्यांनी मुगाची वाटी आणखी थोडी लांब सरकवली.

"सच बता दिया, अच्छा किया," ते म्हणाले. "अब ठीक भी कर दीजिए. दो-तीन दिन और लीजिए. डिपो का मैदान खाली है."

भेडाघाट

दुसरा दिवस रविवार होता, आणि भेडाघाटची सहल काकूंनी मी येण्याआधीच ठरवून ठेवली होती. आदल्या रात्री जेवणापूर्वीच प्रोग्रॅममधला बदल करून झाला होता. आता बसच्या अंगावर चाल करून येणारं काहीतरी हवं होतं. ते मैदानावर कसं आणायचं याचा विचार करत मी दशम्यांच्या डब्यासकट गाडीत बसले.

भेडाघाटबद्दल मी ऐकलं होतं ते सगळं खरं निघालं. दोन्ही बाजूंना संगमरवराचे कडे, मधून हिरवट, संथ नर्मदा, आणि त्यातून वल्ह्यांनी चालणारी नाव. कुठे खडक दह्यासारखा पांढरा, कुठे पिवळसर, कुठे निळ्या शिरा. नावाडी वल्हं मारता मारता यमक जुळवून माहिती सांगत होता: "इधर का पत्थर दूध सा गोरा, उधर का देखो, है कुछ कोरा." दर यमकाला काकू "वा!" म्हणत होत्या.

काकांचं लक्ष खडकांकडे नव्हतं. "मेधा, तुला समोरून आडवा येणारा माणूस पायजे ना?" त्यांनी मधेच विचारलं. "मी येतो स्कूटर घेऊन."

काकूंची "वा" अर्ध्यात राहिली. "काय म्हणून राहिले तुम्ही?"

"बससमोर स्कूटर आणतो म्हणून राहिलो. जन्मभर हेच केलं. नवा ट्रक, ब्रेक लागतो का नाही माहीत नाही, तरी चालवलाच ना?"

"तेव्हा तुम्ही ट्रकच्या आत होते! आता बाहेर राहाल! सत्तरी उलटली, गुडघा वाकत नाही, आणि बसपुढे जाऊन राहिले!"

नावाड्यानं वल्हं थांबवलं होतं. त्याला मराठी कळत नसावी, पण भांडण कळत होतं. नावेतलं एक फौजी जोडपंही कडे सोडून आमच्याकडे बघायला लागलं.

मी म्हटलं, "काकू, पहिल्यांदा बुजगावणं ओढून बघू. ते जमलं तरच काका. बस माणसाच्या चालीनं चालेल, काका चुन्याच्या रेघेपाशी थांबतील, आणि रेघ बसच्या वाटेपासून भरपूर लांब असेल."

"आणि रेघ नाही दिसली तर?"

"कारखान्यात चाळीस वर्षं रेघेवरच थांबलो मी," काका म्हणाले.

काकू पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी बसमध्ये बसणार. ड्रायवरच्या बाजूला. मला वाटलं तर मी थांबवणार, तुझ्या मशीनीला विचारणार नाही."

"मान्य," मी म्हटलं. नावाड्यानं सुटकेचा निःश्वास सोडून पुढचं यमक सुरू केलं.

परतताना धुवांधारला गेलो. नर्मदा तिथे एकदम खाली कोसळते आणि पाण्याचा धूर होऊन वर येते. मी काकूंना कठड्याशी उभं केलं आणि म्हटलं, "पाण्याकडे टक लावून बघा. पापणी नका हलवू. हं, आता शेजारच्या खडकाकडे बघा."

काकूंनी माझा दंड घट्ट धरला. "अगं बाई! पहाड वर जाऊन राहिला!"

खडक अर्थात जागेवरच होता. पडणारं पाणी फार वेळ बघितलं की डोळा त्या पडण्याला सरावतो, आणि थांबलेलं त्याला उलट चढताना दिसतं. माणसाचा डोळा इतक्या वर्षांचा मुरलेला, तरी फसतो. काकूंनी हा खेळ तीनचार वेळा केला. मग शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईलाही "दीदी, इधर देखो, फिर उधर देखो" म्हणून शिकवला.

डेपोचं मैदान

बुजगावणं काकूंनीच तयार केलं: मटारच्या रिकाम्या पोत्यात पेंढा, वर काकांचा जुना स्वेटर. अन्वरनं ते चाकांच्या फळीवर उभं करून दोरीनं ओढलं. बस पुढे निघाली, बुजगावणं डावीकडून तिरपं आलं, आणि बझर वाजला. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढच्याच खेपेला बस एका खड्ड्यातून गेली आणि बझर वाजेना.

कारण सापडायला सकाळचा बराच भाग गेला. खड्ड्यात बस नाक खाली घालून वर काढते. तेवढ्यात चित्रातलं सगळंच मोठं होतं आणि लहान होतं. त्या उलथापालथीत बुजगावण्याचं वाढणं हरवून जात होतं. मग वाढ मोजायची ती आजूबाजूच्या जमिनीच्या तुलनेत, आणि एका झटक्यावर विश्वास न ठेवता सलग बघत राहून, असं मी ठरवलं. अन्वरनं कॅमेऱ्याखाली रबराची गादी बसवली. पटेलभैया मुद्दाम शोधून शोधून खड्ड्यांतून बस नेत होते, आणि दुपारपर्यंत बुजगावणं एकदाही निसटलं नाही.

मग काकांनी हेल्मेट घातलं.

काकू पटेलभैयांच्या शेजारी बसल्या होत्या, पदर खोचून. मी त्यांच्या मागे पडद्यासमोर. बस संथ निघाली. लांबून काकांची स्कूटर तिरपी यायला लागली, पाठ ताठ, वेग एकसारखा, पट्टीनं आखलेल्या रेषेसारखी. चित्रात ते काचेच्या डाव्या खांबाशी खिळून राहिले आणि मोठे होत गेले. दूधवालाही अगदी तसाच दिसला होता.

"रोको!" काकू ओरडल्या. पाठोपाठ बझर वाजला. पटेलभैयांनी दोघींचंही ऐकलं.

काका चुन्याच्या रेघेवर थांबले होते, पुढचं चाक बरोबर पांढऱ्यावर. त्यांनी हात हलवला.

"कोण आधी ओरडलं?" काकूंनी मला विचारलं.

"तुम्ही, काकू. पण थोडक्याच फरकानं."

"मला माहीत होतं ते येऊन राहिले म्हणून," त्या म्हणाल्या. "तुझ्या मशीनीला माहीत नव्हतं. मग तिनं बरंच लवकर पाहिलं म्हणायचं." त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि खिडकीतून हाक दिली, "अहो, आणखी एकदा या! जोरात नाही, अस्सेच!"

काका त्या दुपारी कितीतरी वेळा आले. डावीकडून आले, उजवीकडून आले, उन्हात आले, झाडांच्या सावल्यांतून आले. शेवटी काकूंनी बसमध्येच सगळ्यांना मटारच्या करंज्या वाढल्या. पटेलभैयांनी दोन खाल्ल्या आणि झालरीचा दोरा स्वतःच आणखी घट्ट केला.

पुन्हा पाटन

दुसऱ्या दिवशी जैनसाहेब सकाळच्या नेहमीच्या फेरीला आले. प्रवाशांसकट, रोजच्या रस्त्यावर, असं त्यांचंच म्हणणं होतं. शेतांवर विरळ धुकं होतं आणि त्यातून कोवळं ऊन उतरत होतं. बस अर्धी भरलेली: बाजाराला निघालेले शेतकरी, एक नवं जोडपं, कोंबडीच्या पिल्लांची पेटी घेतलेला माणूस. जैनसाहेब माझ्या शेजारी बसून पडद्याकडे बघत होते.

"ये ग़लती करेगी?" त्यांनी विचारलं.

"करेगी," मी म्हटलं. "कम करेगी. ड्रायवर की जगह नहीं बैठेगी, उसके साथ बैठेगी."

त्यांनी मान डोलावली. उत्तर आवडलं की नाही ते कळलं नाही.

पाटन जवळ आलं तसा रस्ता अरुंद झाला. समोरून आलेली, मटारच्या पोत्यांनी लादलेली एक ट्रॉली उजवीकडून आम्हाला अगदी घासून चालली होती. वरची पोती डुलत होती. पटेलभैयांची नजर त्या पोत्यांवर होती, माझीही, सगळ्या बसचीच होती. आणि बझर वाजला. धोक्याची बाजू दाखवणाऱ्या दोन दिव्यांपैकी डावा लागला.

पटेलभैयांनी वळून न बघता आधी ब्रेक दाबला. बस कण्हत थांबली. तेव्हा कुठे मी पडद्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात लाल चौकट होती आणि चौकटीत एक बाई. शेताच्या बांधावरून ती धावत आली होती, एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात उंच करून, बस गाठायला. बस गाठायला धावणारं माणूस बस जिथे असेल तिकडे धावत नाही, बस जिथे पोचणार तिकडे धावतं. उताराच्या वेगात तिचे पाय सुटले होते, आणि ती रस्त्यावर येऊन थांबली ती बसच्या पुढच्या चाकासमोर. चाक आणि ती यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा होती.

जैनसाहेब अर्धवट उठले होते, एक हात समोरच्या दांड्यावर.

दार उघडलं. बाई धापा टाकत चढली. चाळिशीची, शाल सावरलेली, खांद्याला शाळेतल्या मास्तरणीची पर्स. तिनं काही पाहिलंच नव्हतं. तिच्या लेखी बस थांबली होती, एवढंच.

"काय भैया!" ती पटेलभैयांवर गरजली. "रोज़ हाथ हिलाती रह जाती हूँ, रोज़ निकल जाते हो! आज सूरज किधर से निकला?"

पिल्लांच्या पेटीवाल्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. जैनसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. मग जैनसाहेब स्वतःच्या जागेवरून उठले आणि बाईला म्हणाले, "आप यहाँ बैठिए, बहनजी."

ती खिडकीशी बसली, शाल नीट केली, डब्याची पिशवी मांडीवर ठेवून झाकण सैल झालं नाही ना ते चाचपून पाहिलं.

"कल भी ऐसे ही रोकना," तिनं पुढे बघून बजावलं.

"रोकूँगा, दीदी," पटेलभैया म्हणाले, आणि बस पहिल्या गिअरमध्ये टाकली.